रंग चढलेली जुनी अमेरिकन क्वार्टर्स: हौस, पारख आणि भानगडी

सोनटक्का

टपाल तिकिटांच्या धाग्यावर मी क्वार्टरचा विषय काढला आणि तिथे अवांतर फारच वाढलं, म्हणून हा वेगळा धागा.

१९६४ पर्यंतच्या अमेरिकन क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यात, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं असतं. वजन साधारण सव्वासहा ग्रॅम. हवेतला किंवा कागदातला गंधक लागला की चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. बहुतेक वेळा तो मळकट तपकिरी नाहीतर काळा होतो आणि नाणं बघवत नाही. पण कधीकधी थर इतका पातळ आणि इतक्या सावकाश धरतो की सोनेरी, किरमिजी, निळा, मोरपंखी असे पट्टे उमटतात. इकडे अमेरिकेत याला टोनिंग म्हणतात. सुरेख टोनिंगच्या नाण्याला त्याच सालच्या, त्याच प्रतीच्या पांढऱ्या नाण्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. मला याचा नाद आहे आणि बायकोच्या मते तो वाढत चाललाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो: रंग शेवटी बघायचा, आधी चकाकी. ठसा पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली धरून हळूहळू कलतं केलं की या रेषांमुळे उजेडाचे दोन पट्टे नाण्यावर गोल फिरतात. टोनिंग खरं असेल तर रंगाच्या खालूनही ते फिरताना दिसतात. नाणं कधीकाळी घासलेलं असेल तर रेषा गेलेल्या असतात, मग वर कितीही इंद्रधनुष्य उमटो, खाली सगळं मेलेलं असतं. असं नाणं मी फुकट मिळालं तरी संग्रहात ठेवत नाही.

आता कुठली क्वार्टर्स? बसलेल्या लिबर्टीची, म्हणजे स्वातंत्र्यदेवीची (१८३८ ते १८९१), चार्ल्स बार्बर या टांकसाळीतल्या कोरक्याच्या घडणीची (१८९२ ते १९१६), उभ्या लिबर्टीची (१९१६ ते १९३०) आणि वॉशिंग्टनची चांदीची (१९३२ ते १९६४). पहिल्या तिन्हींत न वापरलेलं आणि वर सुंदर रंगाचं नाणं म्हणजे खिसा रिकामा. उभ्या लिबर्टीच्या १९१६ सालच्या नाण्यांची संख्याच ५२,००० होती, तिथे रंगाबिंगाची अट घालणारे आपण कोण! त्यामुळे माझ्यासारख्या पगारदार माणसाचा मुक्काम वॉशिंग्टनवर.

वॉशिंग्टनमध्ये सगळ्यात मजेची गोष्ट टांकसाळीच्या संचांची आहे. १९४७ पासून १९५८ पर्यंत (मध्ये १९५० साली संच निघालेच नाहीत) अमेरिकेची टांकसाळ संग्राहकांना त्या त्या सालची न वापरलेली नाणी विकायची, प्रत्येक प्रकारची दोन-दोन. ती नाणी पुठ्ठ्याच्या तक्त्यातल्या भोकांत बसवलेली असत, वरून कागद. त्या काळच्या पुठ्ठ्यात आणि कागदात गंधक मुबलक. लोकांनी संच घेतले, माळ्यावर नाहीतर कपाटात टाकले आणि विसरून गेले. पुठ्ठा आपलं काम करत राहिला. १९५६, ५७, ५८ सालची अशी क्वार्टर्स आजही मिळतात आणि त्यांच्यावरचे रंग कुठल्या रसायनाने आणता येणार नाहीत असे असतात. १९५९ पासून टांकसाळीने नाणी प्लास्टिकच्या पाकिटात द्यायला सुरुवात केली आणि ही गंमत संपली. टांकसाळीला अर्थात यात सुधारणाच दिसली असणार.

दुसरा उगम अल्बमचा. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कचे नाणे-व्यापारी वेट रेमंड यांचे अल्बम फार चालले. जाड पुठ्ठ्याच्या पानात भोकं, आणि दोन्ही बाजूंनी सरकवायच्या पारदर्शक पट्ट्या. नाण्याची कडा पुठ्ठ्याला लागून, मधला भाग मोकळा. म्हणून कडेला निळा-हिरवा, आत किरमिजी, त्याच्या आत सोनेरी आणि मधोमध स्वच्छ पांढरं, अशी वर्तुळं तयार होतात. व्हिटमन कंपनीच्या निळ्या घडीच्या फोल्डरमध्ये वेगळंच होतं. तिथे नाणं दाबून बसवायचं, पाठ कागदाला टेकलेली आणि तोंड उघडं. दोन्ही बाजूंचे रंग सारखे नसतात. बँकेचे ४० क्वार्टर्सचे कागदी रोलही असेच. टोकाच्या नाण्याची एक बाजू रंगते, बाकीची आतली मंडळी पांढरी.

तेव्हा नाणं हातात आलं की मी स्वतःला एवढंच विचारतो: हा रंग कुठे बसून आला असेल? त्याचं पटण्यासारखं उत्तर मिळालं तर पुढचा विचार.

तुमच्यापैकी कोणी या वाटेला गेलंय का?

अण्णा बारामतीकर

लेख छान, पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या घरी पैंजण काळे पडले की सोनाराकडे नेऊन धुऊन आणतात. तुम्ही तीच घाण जास्त पैसे देऊन विकत घेता?

सोनटक्का

@अण्णा, राग कसला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, तो गंजच. फक्त पैंजण परत परत धुतले तरी चालतात, नाणं चालत नाही. इकडे थायोयूरिया आणि आम्ल असलेलं द्रावण मिळतं, त्यात बुडवलं की काही सेकंदांत नाणं पांढरंशुभ्र. पण सल्फाइडमध्ये गेलेली चांदी त्याबरोबर निघून जाते. दोन-चार वेळा हा उद्योग झाला की वर सांगितलेल्या रेषा झिजतात आणि नाणं ॲल्युमिनियमचं वाटायला लागतं. गेल्या शतकात 'पांढरं ते चांगलं' या हट्टापायी किती नाण्यांची वाट लागली असेल. रंग असलेलं नाणं याचा अर्थ निदान अलीकडे त्याला कोणी धुतलेलं नाही.

रसायनी

वाखूसा (वाचनखूण साठवली). थोडी भर घालतो.

हे रंग रंगद्रव्याचे नाहीत. सल्फाइडचा थर काही लाखांश मिलिमीटर जाडीचा असतो. थोडा उजेड थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा आत जाऊन खालच्या चांदीवरून. हे दोन परतलेले किरण एकमेकांत मिसळताना काही रंग मारले जातात, काही उजळतात. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतं तेच.

यातली कामाची गोष्ट म्हणजे क्रम. थर जाड होत जातो तसा आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग गडद निळा, मग फिका आकाशी. त्यानंतर दुसरी फेरी: पुन्हा पिवळा, गुलाबी-किरमिजी, हिरवा. पुढे सगळं काळ्याकडे जातं. म्हणून हिरवा दिसला तर तो थर बराच जाड, दुसऱ्या फेरीतला. आणि सोनेरीला थेट चिकटून निळा असेल, मध्ये किरमिजीची बारीकशी रेघसुद्धा नसेल, तर मी तरी ते नाणं खाली ठेवीन. थराची जाडी अशी उडी मारून वाढत नाही.

मेघमल्हार

+१. याला पूरक म्हणून: खऱ्या टोनिंगमध्ये रंग अक्षरांना मान देतो. LIBERTY किंवा तारखेच्या अगदी कडेला धातू वेगळ्या तऱ्हेने सरकलेला असतो, तिथे बऱ्याचदा रंग धरत नाही आणि अक्षराभोवती बारीक पांढरी किनार राहते. नेहमी दिसेलच असं नाही. पण घाईत रंगवलेल्या नाण्यावर रंग अक्षरांवरून, खड्ड्यांवरून, ओरखड्यांवरून सरसकट वाहत गेलेला असतो.

अजून एक. ओरखडा आधीचा की नंतरचा ते रंगावरून कळतं. नंतरचा असेल तर तो रंग कापून जातो आणि आत पांढरी चांदी दिसते. ओरखड्याच्या आतही रंग असेल तर ओरखडा जुना. घासकामाच्या शेकडो बारीक रेषांवर रंग चढलेला दिसला तर नाणं आधी घासलेलं आणि नंतर रंगलेलं आहे. असली नाणी लिलावात भरपूर असतात आणि फोटोत फार देखणी दिसतात.

(रोमन अक्षरं लिहिल्याबद्दल क्षमस्व, यापुढे 'लिबर्टी' लिहीन.)

टपालवाला

मला एक नैतिक प्रश्न पडलाय. समजा मी आज एक पांढरं १९६४ चं क्वार्टर घेतलं, जुना अल्बम मिळवला, त्यात घातलं आणि दहा-बारा वर्षं कपाटात ठेवलं. मुद्दाम, रंग यावा म्हणून. ते खरं टोनिंग की खोटं?

सोनटक्का

@टपालवाला, या प्रश्नावर इकडे मित्रामित्रांत अबोला धरला गेलाय!

नाणं भट्टीत तापवून, गंधकाच्या वाफेवर धरून, अगदी बटाट्यात खुपसून भाजून रंग आणणारे लोक आहेत. एका प्रसिद्ध फास्टफूड साखळीच्या पेपर नॅपकिनमध्ये नाणी गुंडाळून ठेवायची कृती तर इथल्या संग्राहकांत दंतकथेसारखी सांगितली जाते. हे सगळं खोटं, यावर सहसा दुमत नाही. तुमच्या उदाहरणात मात्र क्रिया तीच, कागद तोच, वेगही तोच. वेगळा आहे तो हेतू, आणि हेतू नाण्यावर दिसत नाही.

प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांनी (पीसीजीएस १९८६ साली सुरू झाली, एनजीसी १९८७ साली) हा गुंता बाजूला ठेवलाय. त्या बघतात ते एवढंच की रंग बाजारात मान्य होण्यासारखा आहे की नाही. नसेल तर पीसीजीएस १ ते ७० पैकी आकडा देत नाही, 'अस्सल, पण रंग शंकास्पद' असा शेरा मारते. एनजीसी उलट, विशेष देखण्या नाण्याच्या आकड्यापुढे चांदणी लावते. व्यवहार म्हणून मला हे पटतं. सोवळं-ओवळं म्हणून नाही पटत, पण ते ज्याचं त्याने बघावं.

मेघमल्हार

मला व्यवहार म्हणूनही नाही पटत. 'बाजारात मान्य' म्हणजे फसवणारा जितका कुशल तितका तो मान्य. तेच नाणं एकदा शंकास्पद म्हणून परत येतं आणि दुसऱ्यांदा पाठवल्यावर आकडा घेऊन येतं, हे बघितलेलं आहे.

सोनटक्का

@मेघमल्हार, खरं आहे. म्हणूनच कंपनीच्या सीलबंद डबीवरचा आकडा वाचून रंगाचे पैसे देऊ नयेत. आकडा घासणीपुरता विश्वासाचा, रंगाचं आपलं आपण बघायचं.

अण्णा बारामतीकर

म्हणजे कंपनीला फी द्यायची आणि वर आपलं आपण बघायचं. बरं आहे की धंदा.

गवती चहा

माझ्याकडे आजोबांचे व्हिक्टोरिया आणि सातव्या एडवर्डचे रुपये आहेत. एकदोन रुपयांवर कडेला निळसर-जांभळी झाक आहे. मी ते चिंचेने स्वच्छ करणार होते, बरं झालं आज हा धागा वाचला! ते रुपयेही असेच का? आणि कोकणातल्या दमट हवेत ठेवायचे कसे?

रसायनी

@गवती चहा, चिंच नको, टूथपेस्ट नको, रांगोळी तर मुळीच नको. ते रुपये ९१.७ टक्के चांदीचे, वजन ११.६६ ग्रॅम, तेव्हा रसायन तेच. आपल्याकडे नाणी अल्बममध्ये कमी आणि गाठोड्यात, डब्यात, तिजोरीत जास्त राहिली, त्यामुळे गोल वर्तुळं क्वचित, डागडाग रंग जास्त.

ठेवण्याचं म्हणाल तर दमट हवेत क्रिया वेगाने होते. जी निळी झाक आज छान दिसतेय ती उद्या काळी होऊ शकते, रंग थांबलेला नसतो. ॲक्रिलिकच्या घट्ट डबीत एकेक नाणं, सगळ्या डबीबंद नाण्यांचा एक हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्याआधी त्या बदलायच्या. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र यांच्याशेजारी ठेवू नका, या सगळ्यांत गंधक असतो. लाकडी खणापेक्षा लोखंडी कपाट बरं. आणि बाजारात मऊ, लवचिक प्लास्टिकची पाकिटं मिळतात ती पीव्हीसीची असतात. त्यातून कालांतराने हिरवट चिकट द्रव सुटतो, तो नाणं खातो.

गवती चहा

धन्यवाद! पाकिटं मऊच आहेत. आजच काढते.

टपालवाला

थोडं अवांतर. १९३२ सालचं क्वार्टर दुर्मीळ असतं ना? आमच्या एका काकांकडे आहे.

सोनटक्का

@टपालवाला, कुठल्या टांकसाळीचं त्यावर आहे. मागच्या बाजूला, गरुडाखालच्या डहाळ्यांच्या खाली बघा. काही अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया, ते साधं. 'डी' म्हणजे डेन्व्हर, ४,३६,८०० नाणी. 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ४,०८,०००. ही दोन महाग. आणि म्हणूनच साध्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षर चिकटवून विकायचा धंदा जुना आहे. नेमकं त्या अक्षराभोवतीच गडद टोनिंग असेल तर सावध राहा. सांधा लपवायला रंगासारखं सोयीचं काही नाही.

अजून अवांतर म्हणजे, हे नाणं वॉशिंग्टनच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून निघालं. कला आयोगाने पसंत केलं होतं लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार बाईंचं चित्र, पण अर्थमंत्र्यांनी घेतलं जॉन फ्लॅनगन यांचं. बाईंचा वॉशिंग्टन शेवटी २०२२ ते २०२५ या काळात क्वार्टरवर आला, ९० वर्षांनी. माझ्या मते तो कितीतरी सरस आहे, पण चलनातल्या त्या नाण्यावर चांदीसारखा रंग चढणार नाही. चांदीच नाही.

श्यामली

मी ओहायोत असते. इथे एका घरविक्रीच्या सामानात कागदी पाकिटात दोन क्वार्टर्स मिळाली. फोटो चढत नाहीयेत, वर्णन करते, सांगाल का?

पहिलं १९५८, मागे अक्षर नाही. तोंडाच्या बाजूला डावीकडच्या कडेला, हनुवटीपुढे जिथे 'इन गॉड वी ट्रस्ट' आहे तिथे, निळा, कडेला अगदी चिकटून जरासा हिरवट. मग गुलाबी-लालसर पट्टा. मग सोनेरी, तो गालापर्यंत येऊन विरतो. केसांचा भाग आणि उजवी बाजू पांढरी. 'लिबर्टी'च्या पहिल्या दोन अक्षरांभोवती बारीक पांढरी रेघ आहे. मागची बाजू जवळपास पांढरी, फक्त कडेला पिवळट.

दुसरं १९६६ चं. ते अख्खं जांभळं-निळं, दोन्ही बाजूंनी, अगदी झगझगीत.

रसायनी

पहिल्याचा क्रम मधून बाहेर बघितला तर पांढरा, सोनेरी, तांबूस, निळा, आणि टोकाला हिरवट. सलग आहे. एकाच बाजूने जास्त, म्हणजे त्या बाजूने पुठ्ठा किंवा कागद जवळ होता.

मेघमल्हार

मागची बाजू पांढरी म्हणजे निळ्या फोल्डरमधलं नसावं, तिथे पाठच रंगली असती. १९५८ साल बघता संचातलं असू शकतं. पण आधी दिव्याखाली फिरवून बघा. ट्यूबलाइट नको, एकच दिवा असलेला टेबललॅम्प घ्या. कडेने धरा, बोट लावू नका.

श्यामली

बघितलं. उजेडाचे पट्टे फिरतात, निळ्या भागातूनही जातात. गालावर मात्र एका जागी फिरत नाही, तिथे राखाडी ठिपका आहे, मोहरीएवढा.

सोनटक्का

गालाचा उंचवटा, तिथे दुसऱ्या नाण्याशी घासून चकाकी गेली असेल. प्रत थोडी उतरते, पण रंग खरा वाटतोय. अभिनंदन!

हातात आहे तोवर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढायला हरकत नाही, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. नेलपॉलिश काढायचं नको, त्यात भलतंसलतं मिसळलेलं असतं. ॲसिटोनने सल्फाइडचा रंग जात नाही. गेला तर तो लाखेचा किंवा शाईचा होता, आणि उत्तर मिळालं. पुसायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं.

कंपनीकडे पाठवायचं का हे फी बघून ठरवा. १९५८ चं नाणं साधं आहे, नुसत्या प्रतीचे पैसे फीइतकेही येतील असं नाही. ठेवायचं असेल तर डबीत घाला आणि मजेत बघत बसा. कधी नकोसं झालंच तर त्यात साडेपाच ग्रॅमहून जास्त शुद्ध चांदी आहे, मोडीत निघतील तेवढे पैसे कुठे जात नाहीत.

श्यामली

आणि ते जांभळं?

मेघमल्हार

१९६६ म्हणजे चांदीच नाही. १९६५ पासून मध्ये तांबं आणि दोन्ही बाजूंनी तांबं-निकेलचा पत्रा. कड बघा, तांबूस रेघ दिसेल. त्या मिश्रधातूवरही रंग येतो, पण दोन्ही बाजूंनी सारखा, झगझगीत आणि एकच जांभळा? कोणीतरी गॅसवर धरलंय.

अण्णा बारामतीकर

श्यामलीताई, ते लाँड्रीच्या मशीनला चालतं का बघा.

श्यामली

@अण्णा, चाललं. कपडे धुवायला टाकलेत. 😄